कॅनडाची मोठी बँक आणि भागधारकाचा हिशेब

कॅनडातील मोठ्या बँकेचा समभाग घ्यावा की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा लाभांशाच्या आकड्यापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. लाभांश म्हणजे कंपनीने आपल्या नफ्यातून भागधारकांना रोख वाटलेला हिस्सा, आणि त्या बाबतीत कॅनडातील बँकांचा इतिहास कोणाही सावध गुंतवणूकदाराला भुरळ घालणारा आहे. बँक ऑफ माँट्रियल 1829 पासून, बँक ऑफ नोव्हा स्कोशिया 1833 पासून आणि टोरोंटो-डोमिनियन बँक आपल्या पूर्वज बँकेच्या काळापासून, म्हणजे 1857 पासून, लाभांश देत आलेली आहे. दोन महायुद्धे, 1930 च्या दशकातील महामंदी, 2008 चे जागतिक वित्तीय संकट आणि 2020 ची महासाथ यांपैकी कशानेही ही परंपरा खंडित झाली नाही. तरीही बँक भक्कम असणे आणि तिचा समभाग फायद्याचा ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भक्कमपणा देशाच्या कायद्यातून आणि नियामकाच्या शिस्तीतून येतो आणि तो सर्व मोठ्या बँकांच्या वाट्याला जवळपास सारखाच येतो. भागधारकाचे भले मात्र बँकेने हाती उरलेला पैसा कोठे गुंतवला आणि भागधारकाने समभागासाठी किती भाव मोजला, यांवर ठरते. हा फरक ज्या बँकेत सर्वांत ठळक दिसतो ती बँक ऑफ नोव्हा स्कोशिया, अर्थात स्कोशियाबँक, येथे मुख्य उदाहरण म्हणून घेतली आहे.

कॅनडाचा बँकव्यवसाय प्रामुख्याने सहा बँकांच्या हाती आहे: रॉयल बँक ऑफ कॅनडा, टोरोंटो-डोमिनियन, स्कोशियाबँक, बँक ऑफ माँट्रियल, कॅनेडियन इम्पीरियल बँक ऑफ कॉमर्स आणि नॅशनल बँक ऑफ कॅनडा. या एकवटलेपणाचे मूळ 1867 च्या राज्यघटनेत आहे, कारण तिने बँकव्यवसाय प्रांतांकडे न देता संघराज्याच्या अखत्यारीत ठेवला. परिणामी एकाच बँकेला अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत शाखा काढता आल्या आणि नोव्हा स्कोशियातील मासेमारीचा हंगाम बुडाला तरी ओंटारियोतील कारखानदारीच्या उत्पन्नावर बँक तगून राहू शकली. शेजारच्या अमेरिकेत अनेक राज्यांनी शाखाविस्ताराला मज्जाव केल्यामुळे तेथे हजारो लहान बँका उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी प्रत्येकीचे नशीब एखाद्या जिल्ह्याच्या पिकाशी जखडलेले राहिले. 1930 ते 1933 या काळात तेथे सुमारे 9,000 बँका बुडाल्या, तर कॅनडात एकही बुडाली नाही. मात्र कॅनडातील बँका बुडतच नाहीत, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. 1923 मध्ये होम बँक बुडाली आणि 1985 मध्ये कॅनेडियन कमर्शियल बँक व नॉर्थलँड बँक या पश्चिमेकडील दोन बँका कोसळल्या. त्या दोन्ही एका प्रदेशावर आणि तेथील तेल व जमिनीच्या तेजीवर विसंबून होत्या, ही बाब लक्षणीय आहे. त्या धक्क्यानंतर, 1987 मध्ये, ‘ओस्फी’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाणारे वित्तीय संस्था अधीक्षकांचे कार्यालय स्थापन झाले आणि आजच्या कडक देखरेखीचा पाया घातला गेला.

या बँकांना कायद्याने आणखी एक संरक्षण दिले आहे, ज्याचे महत्त्व भागधारकाने नीट समजून घ्यायला हवे. ज्या बँकेचे स्वतःचे भांडवल 12 अब्ज डॉलर किंवा अधिक आहे तिच्या मतदानाचा हक्क असलेल्या समभागांपैकी 20 टक्क्यांहून अधिक समभाग कोणाही एका व्यक्तीला किंवा संस्थेला धारण करता येत नाहीत. याचा अर्थ असा की या बँका कोणी परदेशी प्रतिस्पर्धी गिळंकृत करू शकत नाही; परंतु याचाच दुसरा अर्थ असा की व्यवस्थापनाचे निर्णय वर्षानुवर्षे चुकत राहिले तरी बाहेरचा कोणी मोठा खरेदीदार येऊन चढ्या भावाने बँक विकत घेईल आणि भागधारकाची सुटका करील, ही आशाही ठेवता येत नाही. बँकांना आपसांत विलीन होण्याचीही मोकळीक नाही. 1998 मध्ये रॉयल बँकेने बँक ऑफ माँट्रियलशी आणि इम्पीरियल बँक ऑफ कॉमर्सने टोरोंटो-डोमिनियनशी विलीन होण्याचे ठरवले, तेव्हा अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी त्याच वर्षीच्या 14 डिसेंबरला दोन्ही प्रस्ताव फेटाळले. त्यावेळी बँकांच्या उच्चपदस्थांनी हा निर्णय देशाला मागे नेणारा असल्याची टीका केली होती. पण दहा वर्षांनी अमेरिकेतील अवाढव्य बँका सरकारी मदतीच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा कॅनडात सहाही बँका आपल्या पायावर उभ्या होत्या आणि त्यांच्यापैकी एकीनेही लाभांश कमी केला नाही. अर्थात तेव्हाही सरकारने हात दिला होताच: गृहकर्ज विम्याचे काम पाहणाऱ्या सरकारी महामंडळामार्फत बँकांकडील सुमारे 69 अब्ज डॉलरची विमाकृत गृहकर्जे विकत घेऊन त्यांना रोकड पुरवण्यात आली होती.

येथे गृहकर्जांकडे वळणे क्रमप्राप्त आहे, कारण कॅनडातील बँकेच्या ताळेबंदात सर्वांत मोठा एकजिनसी भाग तोच असतो आणि परदेशातील वाचकाला त्याची रचना सर्वांत अनोळखी असते. भारतात गृहकर्ज बहुधा वीस-पंचवीस वर्षांचे आणि बदलत्या व्याजदराचे असते. अमेरिकेत ते तीस वर्षांचे आणि अखेरपर्यंत एकाच दराचे असते. कॅनडात कर्ज पंचवीस वर्षांत फिटेल अशा हिशेबाने हप्ता ठरतो, परंतु व्याजाचा करार साधारणतः पाचच वर्षांचा असतो आणि ती मुदत संपली की उरलेल्या कर्जासाठी त्यावेळच्या बाजारदराने नवा करार करावा लागतो. पाच वर्षांच्या या मुदतीमागे एक जुना कायदा आहे. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या व्याजविषयक कायद्यानुसार पाच वर्षांनंतर कोणतीही व्यक्ती तीन महिन्यांचे व्याज देऊन आपले गहाणकर्ज फेडून मोकळी होऊ शकते, त्यामुळे त्याहून लांब मुदतीचा ठरावीक दर देण्यात बँकांना फारसा रस राहिला नाही. परिणामी व्याजदर बदलण्याचा धोका बँकेवर न राहता पाच वर्षांच्या अंतराने कर्जदाराच्या माथी येतो. बँकेच्या दृष्टीने ही रचना सोयीची असली तरी कर्जदाराला न झेपणारा धोका फिरून बँकेकडेच थकबाकीच्या रूपाने येतो, हे विसरून चालत नाही.

हे आकड्यांत पाहिले तर अधिक स्पष्ट होते. 2 टक्के दराने घेतलेल्या 5,00,000 डॉलरच्या कर्जाचा, पंचवीस वर्षांच्या हिशेबाने, मासिक हप्ता सुमारे 2,120 डॉलर होतो. पाच वर्षांनी मुद्दल सुमारे 4,19,000 डॉलर उरते आणि नवा करार 4.5 टक्क्यांनी करावा लागला तर उरलेल्या वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे 2,640 डॉलरवर जातो. पगार तेवढाच असताना दरमहा जवळपास चतुर्थांशाने वाढलेला हप्ता भरणे म्हणजे घरखर्चातून काहीतरी छाटणे भाग आहे. बँक ऑफ कॅनडा या मध्यवर्ती बँकेने आपला धोरणदर मार्च 2022 च्या प्रारंभी असलेल्या 0.25 टक्क्यांवरून जुलै 2023 पर्यंत 5 टक्क्यांवर नेला आणि जून 2024 पासून तो पुन्हा खाली आणायला सुरुवात केली. महासाथीच्या काळात अत्यल्प दराने घेतलेल्या कर्जांची पाच वर्षांची मुदत 2025 आणि 2026 मध्ये भरू लागली, म्हणून या दोन वर्षांकडे बँकांचे विश्लेषक काळजीने पाहत आले.

या धोक्याविरुद्ध दोन बांध घातलेले आहेत. घराच्या किमतीच्या 20 टक्क्यांहून कमी रक्कम स्वतःच्या खिशातून भरणाऱ्या कर्जदाराच्या कर्जाचा विमा उतरवणे बँकांवर बंधनकारक आहे. विम्याचा हप्ता कर्जदार भरतो, पण कर्ज थकले तर नुकसानभरपाई बँकेला मिळते. दुसरे असे की नियमानुसार कर्जदाराची ऐपत तपासताना करारातील दरापेक्षा 2 टक्के अधिक किंवा 5.25 टक्के यांपैकी जो दर जास्त असेल तो धरावा लागतो, म्हणजे वर दिलेल्या उदाहरणातील कुटुंबाला 2 टक्क्यांनी कर्ज मिळाले तेव्हाही त्याला 5.25 टक्क्यांचा हप्ता झेपेल की नाही हे पाहूनच ते मिळाले होते. बदलत्या दराच्या कर्जांबाबत मात्र बँकांमध्ये फरक आहे आणि तो भागधारकाने पाहण्यासारखा आहे. काही बँकांच्या अशा कर्जांत दर वाढला तरी हप्ता स्थिर राहत असे. त्यामुळे 2022 नंतर अनेकांच्या हप्त्यातून व्याजही पुरते वसूल होईना आणि मुद्दल घटण्याऐवजी फुगू लागले. स्कोशियाबँकेच्या बदलत्या दराच्या कर्जांत हप्ताच दराबरोबर वाढत होता, त्यामुळे तिच्या कर्जदारांना झळ लगेच बसली, पण ती पुढच्या वर्षांसाठी साचून राहिली नाही. वरवर कठोर वाटणारी ही पद्धत बँकेच्या ताळेबंदासाठी अधिक प्रामाणिक होती, असे म्हणता येईल.

आता बँकेचा नफा कसा तयार होतो आणि तो कशाने आटतो, याकडे पाहू. बँक ठेवीदारांकडून आणि रोखेबाजारातून पैसा घेते, तो अधिक व्याजाने उसना देते आणि या दोन व्याजांतील फरक हे तिचे मुख्य उत्पन्न असते. त्याला शुल्क, संपत्ती व्यवस्थापन आणि भांडवल बाजारातील व्यवहार यांच्या उत्पन्नाची जोड मिळते. त्यातून खर्च वजा होतो आणि त्यानंतर येते ती कर्जे बुडण्यासाठीची तरतूद, म्हणजे जी कर्जे वसूल होणार नाहीत असा अंदाज आहे त्यांच्यापोटी नफ्यातून आधीच बाजूला काढलेली रक्कम. ही तरतूद अंदाजावर आधारलेली असल्यामुळे चांगल्या काळात ती लहान दिसते, नफा मोठा दिसतो, आणि समभाग स्वस्त असल्याचा भास होतो.

स्कोशियाबँकेचे ऑक्टोबर 2024 अखेर संपलेले वर्ष घेतले तर तिची एकूण मालमत्ता सुमारे 1,400 अब्ज कॅनेडियन डॉलर, दिलेली कर्जे सुमारे 760 अब्ज डॉलर, तरतूद सुमारे 4 अब्ज डॉलर, म्हणजे कर्जांच्या 0.53 टक्के, आणि निव्वळ नफा सुमारे 7.9 अब्ज डॉलर होता. अग्रहक्काच्या समभागांचा वाटा वगैरे वजा जाता सामान्य भागधारकांसाठी सुमारे 7.3 अब्ज डॉलर उरले आणि त्यांतून सुमारे 5.2 अब्ज डॉलर लाभांशापोटी गेले. समजा तरतुदीचे प्रमाण 0.53 वरून 0.9 टक्क्यांवर गेले. बदल कानाला किरकोळ वाटतो, परंतु 760 अब्जांवर तो सुमारे 2.8 अब्ज डॉलर होतो. करात होणारी बचत धरूनही सुमारे 2.1 अब्ज डॉलरचा नफा नाहीसा होतो आणि उरलेला नफा बरोबर लाभांशापुरताच राहतो. ही निव्वळ कल्पना नाही, कारण 2020 च्या आर्थिक वर्षात याच बँकेचे हे प्रमाण 0.98 टक्के होते. बँक व्यवसायात मालकाचे भांडवल एकूण मालमत्तेच्या पाच-सहा टक्केच असते, म्हणून कर्जांच्या गुणवत्तेतील अर्ध्या टक्क्याचा फरकही भागधारकाच्या वाट्याला कित्येक पटींनी मोठा होऊन येतो.

भांडवलाचा साठा किती असावा, हे ओस्फी ठरवते. प्रत्येक कर्जाला त्याच्या जोखमीनुसार वजन देऊन एकूण जोखीमभारित मालमत्ता काढली जाते आणि तिच्या तुलनेत सर्वोच्च दर्जाचे भांडवल, म्हणजे सामान्य भागधारकांचा पैसा आणि साठवलेला नफा, किती टक्के आहे हे पाहिले जाते. सहा मोठ्या बँकांसाठी किमान 4.5 टक्के, त्यावर 2.5 टक्क्यांची सर्वसाधारण राखीव पातळी, देशाच्या वित्तव्यवस्थेत महत्त्वाचे स्थान असल्याबद्दल 1 टक्का आणि नोव्हेंबर 2023 पासून 3.5 टक्क्यांची देशांतर्गत स्थैर्यासाठीची राखीव पातळी, अशी मिळून 11.5 टक्क्यांची अपेक्षा आहे. ऑक्टोबर 2024 अखेर स्कोशियाबँकेकडे असे भांडवल 13.1 टक्के होते, तेव्हा ठेवीदाराने चिंता करण्याचे कारण दिसत नाही. भागधारकाला मात्र याच आकड्याची दुसरी बाजू सोसावी लागते. अडवून ठेवलेल्या भांडवलावर परतावा कमी मिळतो आणि नियामकाचा शब्द अखेरचा असतो. मार्च 2020 ते नोव्हेंबर 2021 या काळात ओस्फीने सर्व बँकांना लाभांश वाढवण्यास आणि स्वतःचे समभाग परत विकत घेण्यास मनाई केली होती. सरकारही या सुरक्षित वाड्याचे भाडे वसूल करते: 2022 च्या अर्थसंकल्पाने मोठ्या बँकांच्या व विमा कंपन्यांच्या समूहांवर 1 अब्ज डॉलरपुढील करपात्र उत्पन्नापोटी 15 टक्क्यांचा एकवेळचा कर आणि 10 कोटी डॉलरपुढील उत्पन्नावर 1.5 टक्क्यांचा कायमचा वाढीव कर लादला.

येथपर्यंतचे सारे सहाही बँकांना कमीअधिक प्रमाणात लागू आहे. यापुढे मात्र वाटा वेगळ्या होतात, आणि स्कोशियाबँकेची वाट फार पूर्वीच वेगळी झाली होती. हॅलिफॅक्स या बंदराच्या शहरात 1832 मध्ये स्थापन झालेल्या या बँकेचा व्यवसाय मासळी, साखर आणि रम यांच्या समुद्री व्यापारावर वाढला, आणि म्हणून तिने 1889 मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे शाखा उघडली. टोरोंटोत तिचे पाऊल त्यानंतर आठ वर्षांनी पडले. पुढील शतकभरात कॅरिबियन बेटे आणि नंतर मेक्सिको, पेरू, चिली आणि कोलंबिया हे देश तिच्या विस्ताराचे मुख्य क्षेत्र बनले. यामागील तर्क चुकीचा नव्हता. कॅनडाची बाजारपेठ सहा जणांत वाटली गेलेली, लोकसंख्या मर्यादित. उलट लॅटिन अमेरिकेत तरुण लोकसंख्या, बँकेत खाते नसलेली कोट्यवधी माणसे आणि कर्जांवर मिळणारे चढे व्याज. पण चढे व्याज हे बहुधा चढ्या जोखमीचेच मोल असते. 2002 मध्ये अर्जेंटिनाच्या चलनसंकटात बँकेला तेथील उपकंपनीतून मोठा तोटा सोसून बाहेर पडावे लागले. इतरत्र असे एकाएकी काही कोसळले नाही, पण स्थानिक चलनांची घसरण, राजकीय उलथापालथ, तरतुदींचे मोठे प्रमाण आणि प्रत्येक देशात अडकून पडणारे भांडवल यांमुळे बाहेरून वेगवान दिसणारी वाढ कॅनेडियन डॉलरमध्ये मोजताना मंदावत गेली.

फेब्रुवारी 2023 मध्ये सूत्रे हाती घेतलेले मुख्याधिकारी स्कॉट थॉमसन बँकक्षेत्राबाहेरून, अवजड यंत्रसामग्रीच्या कंपनीतून आले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केलेल्या धोरणाचा गाभा असा होता की यापुढे नवे भांडवल मुख्यतः कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको या उत्तर अमेरिकी व्यापारपट्ट्यात लावले जाईल. ऑगस्ट 2024 मध्ये बँकेने क्लीव्हलँडच्या कीकॉर्प या अमेरिकी बँकेत सुमारे 14.9 टक्के हिस्सा 2.8 अब्ज अमेरिकी डॉलरला घेण्याचे जाहीर केले आणि जानेवारी 2025 मध्ये कोलंबिया, कोस्टारिका व पनामा येथील व्यवसाय कोलंबियाच्या दाविव्हिएंदा या बँकेकडे सोपवून बदल्यात तिच्या एकत्रित संस्थेत सुमारे 20 टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. या दुसऱ्या व्यवहारापोटी बँकेला सुमारे 1.4 अब्ज कॅनेडियन डॉलरची घट आपल्या हिशेबात नोंदवावी लागली. पूर्वी मोजलेली किंमत वसूल झाली नाही, याची ही कबुली होती. तरीही ती देणे हे टाळत राहण्यापेक्षा भागधारकाच्या हिताचे होते.

या साऱ्या प्रवासाचा परिणाम एका आकड्यात दिसतो आणि तो आकडा लाभांशाचा नाही. भागधारकांच्या प्रत्येक शंभर डॉलर भांडवलावर बँक वर्षाला किती नफा मिळवते, याला भांडवलावरील परतावा म्हणतात. 2024 च्या आर्थिक वर्षात रॉयल बँकेचा हा परतावा 14 टक्क्यांच्या पुढे होता, तर स्कोशियाबँकेचा 10 टक्क्यांच्या जेमतेम वर. चार टक्क्यांचे हे अंतर काळाबरोबर कसे रुंदावते हे पाहण्यासाठी दोन काल्पनिक बँका घ्याव्यात. पहिली 14 टक्के परतावा मिळवते, अर्धा नफा वाटते आणि अर्धा व्यवसायात ठेवते. तिचा नफा दरवर्षी सुमारे 7 टक्क्यांनी वाढेल आणि दहा वर्षांत जवळपास दुप्पट होईल. दुसरी 10 टक्के परतावा मिळवते आणि 72 टक्के नफा वाटून टाकते. तिची वाढ वर्षाला 2.8 टक्क्यांच्या आसपास राहील आणि दहा वर्षांत नफा एक तृतीयांशानेही वाढणार नाही. आज हातात पडणारा लाभांश दुसरीचा मोठा दिसेल, पण काही वर्षांनी पहिलीचा लाभांश तिला मागे टाकील. 72 टक्के हा आकडा येथे उगाच घेतलेला नाही: 2024 मध्ये स्कोशियाबँकेने प्रतिसमभाग 5.87 डॉलर मिळवले आणि 4.24 डॉलर वाटले, म्हणजे तेवढेच. बँकेचे स्वतःचे उद्दिष्ट 40 ते 50 टक्के वाटण्याचे आहे. 2020 च्या महासाथीत, तरतुदी दुपटीच्या घरात असतानाही, 5.30 डॉलर मिळवून तिने 3.60 डॉलर वाटले होते, म्हणजे सुमारे 68 टक्के. संकटाच्या वर्षापेक्षाही एका सामान्य वर्षात लाभांशाचा बोजा जड व्हावा, ही बाब लाभांशाच्या दीर्घ परंपरेने दिपलेल्या गुंतवणूकदाराच्या नजरेतून सहज निसटते. 2023 मध्ये तर बँकेने लाभांशाच्या बदल्यात समभागच घेणाऱ्यांना बाजारभावाच्या 2 टक्के कमी दराने नवे समभाग देऊ केले. यातून रोकड बँकेत राहिली, पण समभागांची संख्या वाढून प्रत्येकाचा वाटा थोडा पातळ झाला.

भावाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. फेब्रुवारी 2022 मध्ये स्कोशियाबँकेचा समभाग टोरोंटोच्या बाजारात 95 डॉलरच्या आसपास होता आणि आदल्या वर्षीचे प्रतिसमभाग उत्पन्न 7.70 डॉलर होते, म्हणजे भाव उत्पन्नाच्या जेमतेम बारापट होता. भारतीय बाजाराची सवय असलेल्या कोणालाही तो स्वस्त वाटला असता. 2022 मध्ये उत्पन्न 8.02 डॉलरवर गेलेही. परंतु त्यानंतर व्याजदर चढले तसा बँकेचा स्वतःचा उसनवारीचा खर्च वाढला, कारण प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत तिच्याकडे चालू-बचत खात्यांतील स्वस्त ठेवी कमी आणि मुदत ठेवी व रोखेबाजारातील पैसा जास्त होता. तरतुदी वाढल्या, नवा कर आला आणि उत्पन्न 6 डॉलरच्या खाली घसरले. ऑक्टोबर 2023 मध्ये भाव 56 डॉलरपर्यंत उतरला. तेव्हा लाभांश भावाच्या 7.6 टक्के दिसत होता आणि भाव बँकेच्या पुस्तकी मूल्याच्या, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता प्रत्येक समभागामागे उरणाऱ्या रकमेच्या, जवळ आला होता. त्याच सुमारास रॉयल बँकेला बाजार पुस्तकी मूल्याच्या सुमारे दीडपट भाव देत होता. लाभांशाचे प्रमाण वाढले होते ते लाभांश वाढल्यामुळे नव्हे, तर भाव पडल्यामुळे, आणि बाजार त्यातून लाभांशाविषयीची शंकाच बोलून दाखवत होता. ती शंका खरी ठरली नाही. लाभांश टिकला, 2025 मध्ये तो वाढवण्यातही आला आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात भाव पुन्हा 80 डॉलरच्या वर गेला. 95 डॉलरला घेणारा आणि 56 डॉलरला घेणारा हे दोघेही एकाच बँकेचे, एकाच व्यवस्थापनाखालचे भागधारक; पण पहिल्याच्या वाट्याला साडेतीन वर्षे केवळ लाभांशाचा दिलासा आला आणि दुसऱ्याची रक्कम भरघोस वाढली. कमी परतावा मिळवणारी बँकही पुरेशा कमी भावाला चांगली गुंतवणूक ठरू शकते, आणि उत्तम बँकही तेजीच्या शिखरावरील नफा कायमचा धरून घेतल्यास निराश करू शकते.

देखरेख कडक असल्यामुळे गैरव्यवहार होणारच नाहीत, असेही धरून चालता येत नाही. टोरोंटो-डोमिनियन बँकेच्या अमेरिकी शाखांतून काळ्या पैशाची ये-जा रोखण्यात झालेल्या ढिलाईबद्दल ऑक्टोबर 2024 मध्ये बँकेने तेथे गुन्हा कबूल केला, सुमारे 3 अब्ज अमेरिकी डॉलर भरण्याचे मान्य केले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या अमेरिकेतील किरकोळ व्यवसायाच्या मालमत्तेवर वाढीची मर्यादा घालण्यात आली. दंड एकदाच भरायचा असतो, पण वाढीवरची बंदी पुढील कित्येक वर्षांच्या नफ्यातून वसूल होत राहते.

भारतात राहून हा समभाग घेणाऱ्याचा हिशेब आणखी दोन ठिकाणी बदलतो. नॅशनल बँक वगळता उरलेल्या पाच बँकांचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही नोंदलेले आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात 2,50,000 अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येत असल्यामुळे ते विकत घेणे अवघड नाही. परंतु समभाग न्यूयॉर्कमध्ये घेतला तरी कंपनी कॅनडाची राहते, आणि भारत व कॅनडा यांच्यातील करारानुसार सामान्य व्यक्तीला मिळणाऱ्या लाभांशातून कॅनडात 25 टक्के कर कापला जातो. 5 टक्के दिसणारा लाभांश हातात येताना 3.75 टक्के होतो. कापलेल्या कराची वजावट भारतातील करातून मागता येते, तरी सर्वांत वरच्या टप्प्यातील करदात्याकडे साडेतीन टक्क्यांहून कमीच उरतो आणि परदेशी मालमत्तेचा तपशील विवरणपत्रात न चुकता भरावा लागतो तो वेगळाच. दुसरा मुद्दा चलनाचा. परकी चलन रुपयापुढे नेहमी वधारते, ही अनेकांची धारणा अमेरिकी डॉलरच्या अनुभवातून आलेली आहे. कॅनेडियन डॉलर खनिज तेलाच्या भावाबरोबर हलतो, आणि 2014 मध्ये सरासरी 55 रुपयांच्या आसपास असलेला हा डॉलर 2020 मध्येही तेथेच होता, तर त्याच काळात अमेरिकी डॉलर 61 रुपयांवरून 74 रुपयांवर गेला होता.

टोरोंटो, ब्रॅम्प्टन किंवा कॅलगरीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबासाठी ही दोन्ही गणिते लागू होत नाहीत. निवासी करदात्याला देशांतर्गत कंपन्यांच्या लाभांशावर कराची खास सवलत मिळते, आणि 2009 पासून सुरू असलेल्या करमुक्त बचत खात्यात समभाग ठेवल्यास लाभांशावर कर लागतच नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचे घर कॅनडातील घरांच्या किमतीशी बांधलेले असते, त्या घरावरचे कर्ज पाच वर्षांनी नव्या दराने घ्यायचे असते, नोकरी त्याच अर्थव्यवस्थेत असते. आणि घरांच्या किमती पडून बेरोजगारी वाढते त्याच वर्षी बँकेच्या तरतुदीही वाढतात. शिवाय टोरोंटोच्या मुख्य निर्देशांकात वित्तीय कंपन्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश असल्यामुळे ज्याने निवृत्तीसाठी कॅनडाचा साधा निर्देशांक फंड घेतला आहे, त्याच्याकडे सहाही बँकांचे समभाग आधीपासून असतात. वेगळा समभाग घेण्यापूर्वी त्याने त्या फंडाच्या तपशिलात या सहा नावांपुढचे आकडे वाचावेत आणि त्यांची बेरीज आपल्या एकूण बचतीच्या किती टक्के होते, ते मांडून पाहावे.